ग्योतोकूहून परत आलेली रेकॉर्ड

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रतापने माझी संतूरची रेकॉर्ड खराब करून परत आणली. एवढं एक वाक्य लिहायला पाच मिनिटं लागली, इतका संताप आलाय. तरी आजच लिहून ठेवणार. उद्या बायको, कौमुदी, मला समजावेल, मी शांत होईन, आणि मला शांत व्हायचं नाहीये.

ही काही साधीसुधी रेकॉर्ड नव्हे. १९७९ साली इथे जपानात छापलेली. पाकिटाभोवतीची कागदी पट्टी, जिला इथले लोक ओबी म्हणतात, तीसुद्धा शाबूत. बँकेने मला तोक्योला पाठवलं त्या पहिल्याच हिवाळ्यात ओचानोमिझूच्या एका जुन्या दुकानात खालच्या खोक्यात सापडली होती. दुसऱ्या बाजूला द्रुत गत आहे. तारेवर पडणारा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, आणि ठोक्यानंतर वर जी बारीक चमक उरते ती मी दुसऱ्या कुठल्याच रेकॉर्डमध्ये ऐकलेली नाही.

आमचं रेकॉर्डी ऐकण्याचं मंडळ चार जणांचं: मी, प्रताप, चारुता आणि अनुराग. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी निशी-कसाईच्या आमच्या फ्लॅटमध्ये, तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या खोलीत बसतो, कारण चांगला सेट माझ्याकडे आहे. हे मीच नाही, सगळे म्हणतात. प्रत्येकाने आवडती रेकॉर्ड आणायची, एक बाजू पूर्ण ऐकायची, मग ज्याला हवी त्याला महिन्याभरासाठी घरी न्यायला द्यायची. देताना दोघांनी ती दिव्याखाली तिरकी धरून बघायची आणि असलेला प्रत्येक ओरखडा वहीत लिहायचा, कुठे आहे, केवढा आहे, खाली दोघांच्या सह्या. वही माझ्याकडे असते. प्रताप त्या वहीला सातबारा म्हणतो.

प्रताप पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, माझ्याच वयाचा. तोझाई लाइनवर आमच्यापासून चार स्टेशनांवर, ग्योतोकूला राहतो. या देशातला, मला देवदत्तऐवजी देवा म्हणणारा, माझा एकमेव मित्र म्हटलं तरी चालेल. म्हणजे चाललं असतं.

आज मी सुई ठेवली आणि दोन मिनिटांत ओळखलं. वरचा सूर मेलेला. संतूरवर कोणीतरी गोधडी टाकलीय असं वाटत होतं. ट्रेबलचं, वरच्या सुरांचं बटण पूर्ण फिरवलं, आवाज वाढवला, काही फरक नाही. बिचारी चारुता दोन्ही कानांवर हात ठेवून बसली. एवढी सुंदर रेकॉर्ड अशी झालेली तिलाही सहन झाली नसणार.

मी सुई उचलली. "किती वेळा वाजवलीस?"

"तीनदा," प्रताप म्हणाला.

"कसल्या सुईवर?"

"देवा, सुई मार्चमध्ये नवी टाकलीय. तूच बरोबर होतास दुकानात."

"मग ही माझी रेकॉर्डच नव्हे."

सरळ वही काढली. दुसऱ्या बाजूला, लेबलपासून बोटभर अंतरावर, नखाएवढा वाकडा ओरखडा. होता. म्हणजे रेकॉर्ड माझीच, फक्त याच्या सुईने खाचा खरवडून टाकलेल्या.

"काका, मला तर सिरियसली छान वाटली," अनुराग म्हणाला. अनुराग अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि लहानपणापासून फोनवर गाणी ऐकत आलाय. त्याला कोणी विचारलं होतं?

आणि प्रतापने काय म्हणावं? "जरा आवाज कमी करून बघूया का?" गुन्हा याचा, आणि दोष माझ्या अॅम्प्लिफायरला! मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यापुढे माझी एकही रेकॉर्ड ग्योतोकूला जाणार नाही. चहा न घेताच सगळे उठले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

कामावरून आलो तर वॉशिंग मशीनमध्ये कपडे तसेच पडलेले, कुबट वास सुटलेला. धुणं झालं की हे मशीन गाणं वाजवतं, म्हणून तर घेतलं. गाणं बंद पडलंय. कौमुदी म्हणते रोज वाजतं. मी घरात बसलेलो असताना कधी वाजलं ते सांग म्हटलं, तर म्हणाली, "अहो, परवा तुम्ही शेजारीच पेपर वाचत होतात."

या घरात मशीनचीही बाजू घेतली जाते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

प्रतापचा मेसेज. सुई काढून आणतो, तुझ्या सूक्ष्मदर्शकाखाली तूच तपास. मी लिहिलं, आता तपासून काय उपयोग? त्यावर त्याने लिहिलं, "ठीक. तब्येत कशी आहे?" विषय बदलायची ही याची जुनी खोड.

रविवार, १४ सप्टेंबर

इमारतीच्या मंडळींनी टपालपेटीत चिठ्ठी टाकलीय. अत्यंत नम्र. 'काही रहिवाशांना' संगीताचा त्रास होतो, कृपया काळजी घ्यावी. काही रहिवासी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या आजीबाई, दुसरं कोण. चार वर्षं मी त्याच सेटवर तीच गाणी ऐकतोय. चार वर्षं यांना त्रास झाला नाही. आताच कुठून झाला?

मुलीला, मितालीला, जपानीत उत्तर लिहून दे म्हटलं. ती फोनमध्ये बघत काहीतरी पुटपुटली.

"स्पष्ट बोल. तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?"

"ओतोसान, आय सेड इट थ्री टाइम्स!" हे मात्र व्यवस्थित ओरडून. बाबाचंही आता ओतोसान झालंय. कॉलेजात गेल्यापासून मुलीचे उच्चार पार गेले आहेत. ऑफिसातही तेच. मीटिंगमध्ये कुरोदा-सान मास्क लावून कुजबुजतात आणि मग सगळे माझ्याकडे बघतात.

बुधवार, १७ सप्टेंबर

ऑफिसची वार्षिक तपासणी. रांग, लघवीचा कप, पोटाचं माप, सगळं घड्याळाच्या काट्यावर. कानांच्या ठिकाणी मात्र सावळा गोंधळ. एका काचेच्या कपाटवजा खोलीत बसवतात, हेडफोन देतात, आवाज आला की बटण दाबायचं. पहिला आवाज आला, दाबलं. दुसऱ्या वेळी नर्सबाई मशीन चालू करायलाच विसरल्या. मी वाट बघत बसलो. शेवटी काचेवर टकटक करून खुणेने सांगितलं की अहो, चालू करा. त्या हसल्या, वाकून नमस्कार केला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. हेडफोन तर असला फालतू होता की मी घरात मांजरालाही घालणार नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

संध्याकाळी कौमुदी बाल्कनीत बोलावत होती. गवतातले किडे किती गोड वाजताहेत म्हणे, इथल्या लोकांनी त्यांच्यावर कविता केल्या आहेत. गेलो, उभा राहिलो. खाली सायकली ठेवतात ती जागा, पलीकडे रस्ता. कसले किडे आणि कसलं काय. तिला म्हटलं, तुला गावाची आठवण येतेय. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग आत गेली.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज न्याय झाला.

प्रतापला मी बोलावलंच नव्हतं. तरी तो आला, आणि हातात काय? तीच संतूरची रेकॉर्ड, तेच साल, तीच छपाई. ओसाकाच्या एका दुकानातून शोधून मागवलेली, जवळजवळ न वाजवलेली. म्हणाला, "देवा, दोन्ही ऐक. माझ्याने खराब झालीय असं वाटलं तर ही नवी तुझी."

मी म्हटलं, असं नाही. डोळे बांधून. नियमानुसार.

मग कौमुदीची ओढणी माझ्या डोळ्यांवर बांधली. अनुरागने रेकॉर्डी लावायच्या, कुठली पहिली लावली ते चारुताने चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, प्रतापने भिंतीकडे तोंड करून बसायचं. दोन्हींची दुसरी बाजू, तीन-तीन मिनिटं. मी मन एकाग्र करून ऐकलं. खरं सांगायचं तर पहिल्या मिनिटाला फरक सापडेना. आपल्याच डायरीत खोटं कशाला लिहू, क्षणभर घाबरलो. पण मग सापडला. पहिलीत जरा उजेड होता. दुसरी ठार मेलेली.

ओढणी काढून मी सांगितलं, "पहिली नवी. दुसरी माझी, याने वाट लावलेली."

चारुता हातातल्या चिठ्ठीकडे बघत होती. अनुरागने "काका, पण" असं काहीतरी सुरू केलं. तेवढ्यात प्रतापने चारुताच्या हातातून चिठ्ठी घेतली, वाचली आणि खिशात टाकली.

"बरोबर ओळखलंस," तो म्हणाला. "पहिली नवी. चूक माझी, देवा. माझी सुई गेलेली असणार."

चार आठवड्यांनी का होईना, कबूल केलं! मी जिंकलेली रेकॉर्ड माझ्या पाकिटात घातली, ओबी नीट बसवली. ती दुसरी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, ही घेऊन जा, मला घरात नको. त्याने घेतली. दारात बूट घालताना म्हणाला की मी आता महिन्याच्या बैठकीला येत नाही, कामही वाढलंय. मी म्हटलं, तुझी मर्जी. मागोमाग चारुता आणि अनुरागही निघाले. जिन्यात तिघं बराच वेळ बोलत उभे होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाय. पण रात्रीचं जेवण गेलं नाही, ते उसळ तिखट झाली होती म्हणून.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

तपासणीचा निकाल आला. रक्तदाब ब, साखर ब, डोळे अ. कान, दोन्ही, ड. कानांच्या डॉक्टरला दाखवावे.

ड! त्या बाईंनी मशीन चालू केलं नाही आणि ड मला! तोक्योत बसून रेकॉर्डच्या सुईचा अर्ध्या अंशाचा कलही मी कानाने ओळखतो. उद्या ऑफिसच्या आरोग्य विभागाला खडसावून पत्र लिहिणार आहे. कौमुदीला कागद दाखवला. मला वाटलं हसेल. तिने तो नीट घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला.

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळी नवी रेकॉर्ड वहीत नोंदवायला बसलो. दिव्याखाली तिरकी धरली. दुसऱ्या बाजूला, लेबलपासून बोटभर अंतरावर, नखाएवढा वाकडा ओरखडा.

संताप असा चढला की डोळ्यांसमोर काही दिसेना. म्हणजे या माणसाने माझीच रेकॉर्ड मला नवी म्हणून परत दिली! नवी स्वतः घेऊन गेला! आणि वर चूक कबूल केल्याचं नाटक! प्रतापला फोन करणार होतो, पण आधी साक्षीदार हवा म्हणून अनुरागला केला.

"अनुराग, खरं सांग. गेल्या रविवारी प्रतापने रेकॉर्डी बदलल्या की नाही?"

मी आवाज वाढवून पुन्हा विचारलं.

"काका, कोणी काही बदललं नाही," तो म्हणाला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसा. "पहिली लावलेली तुमचीच होती. तुम्ही तिला नवी म्हणालात."

"मग प्रताप का म्हणाला मी बरोबर?"

"ते तुम्ही त्यांना विचारा, प्लीज. जिन्यात ते म्हणाले, कोणी देवदत्तला काही बोलायचं नाही. तो माणूस फक्त या एका गोष्टीवर जगतो."

फोन ठेवला. सेट लावला. दुसरी बाजू, द्रुत गत. आवाज नेहमीच्या जागी ठेवून डोळे मिटून ऐकली. ती गत मला पाठ आहे. कुठे चमक यायला हवी ते मला माहीत आहे, आणि त्या जागी मी ती मनातल्या मनात ऐकत होतो. आठवण बाजूला ठेवून ऐकलं तर ठोका होता, आणि ठोक्यानंतर काही नव्हतं.

कौमुदी दारात उभी होती. हातात तो घडी घातलेला कागद.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

कानांच्या डॉक्टरकडे मिताली बरोबर आली. डॉक्टरांचं जपानी मला जड जातं.

या वेळी मशीन चालू होतं. मी डॉक्टरांच्या हाताकडे बघत होतो. त्या कळ दाबत होत्या, दिवा लागत होता, आणि मला काही ऐकू येत नव्हतं. नंतर कागदावर रेघ दाखवली. डावीकडे ठीक, मग मध्यापासून घसरगुंडी.

डॉक्टर बराच वेळ बोलल्या. मिताली म्हणाली, "बाबा, वरचे आवाज गेलेत. वयाने, आणि लाउड म्युझिकनेही असेल. परत येणार नाहीत. कानातलं मशीन घ्या म्हणतात, बोलणं नीट ऐकू येईल. गाणं मात्र आधीसारखं नाही."

माझ्याकडे तोंड करून, स्पष्ट बोलत होती. मराठीत. मुलीचे उच्चार उत्तम आहेत.

"त्या एवढं बोलल्या, तू एवढंच सांगितलंस. आणखी काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"मिताली."

"म्हणाल्या, घरच्यांना खूप आधी कळलं असेल."

सगळ्यांना ठाऊक होतं! बायकोला, मुलीला, कुरोदा-सानना, खालच्या आजीबाईंना, काल-परवा आलेल्या त्या अनुरागलासुद्धा. मलाच तेवढं नाही. हा काय न्याय झाला? औषधाच्या दुकानासमोर मी मितालीवर ओरडलो, की तुम्ही लोकांनी मला वेड्यात काढलंत. ती रडायला लागली. मग मीही रडलो. भर रस्त्यात, बँकेचा माणूस, सूट घालून. मला फार भीती वाटतेय. असं लिहायला लाज वाटत नाही, भीतीच वाटतेय.

रविवार, १९ ऑक्टोबर

ग्योतोकूला गेलो. न सांगता. सुनीतावहिनींनी दार उघडलं, आत बघून म्हणाल्या, "अहो, देवदत्त आलेत." दोघींच्या, म्हणजे कौमुदीच्या आणि त्यांच्या, काय ते फोन झालेले असणारच.

प्रताप बाहेर आला. घरातल्या जुन्या टी-शर्टात. मी गाडीत चार वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवेना.

"मी चुकलो," म्हटलं. "तुझी सुई चांगली आहे. तू चोर नाहीस."

"बस आधी."

"नाही बसणार. तू खोटं का बोललास ते सांग."

"ती दोघं समोर होती, देवा. तुझ्याच घरात, तुझ्याच सेटसमोर. काय सांगणार होतो?"

"नंतर सांगायचंस!"

"मे महिन्यापासून सांगतोय, आवाज कमी कर."

"असं सांगतात? सरळ म्हणायचं, तुझे कान गेले!"

"म्हणजे तू मला गॅलरीतून खाली टाकलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. माझी अब्रू राखायला याने पंचविशी-तिशीच्या पोरांसमोर रेकॉर्ड खराब केल्याचा आळ स्वतःवर घेतला, एवढी फुकटची थोरवी कोणी सांगितली होती याला? मी हे सगळं बोलूनही दाखवलं. तो ऐकून घेत होता. वहिनींनी मुकाट्याने पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या, दोघांनी खाल्ल्या. खाताना मी म्हटलं की मंडळ बंद करतो, सेट विकतो. प्रताप म्हणाला, "मूर्खासारखं बोलू नकोस," आणि उठून एक रेकॉर्ड लावली.

जपानी त्रिकूट होतं, पियानो, बास आणि ड्रम. मी कधी ऐकलेली नव्हती, म्हणजे आठवणीतून भर घालायची सोय नाही. पियानो आला. बास छान आला, पोटात. ड्रमवाला काहीतरी करत असणार हे इतर दोघांच्या थांबण्यावरून कळत होतं.

"वर काय चाललंय?" मी विचारलं.

"झांजेवर तारांचा ब्रश फिरवतोय."

"झांजेवर ब्रश हे मलाही माहितेय. आवाज कसा आहे?"

प्रताप थोडा वेळ ऐकत राहिला. "तांदूळ निवडल्यासारखा."

"सुपात की ताटात?"

आता त्याने डोळे मिटले. "ताटात."

"स्टीलच्या?"

"नाही रे. पितळेच्या."

पितळेच्या ताटात तांदूळ निवडताना याने कुठे ऐकलंय? याच्या पुण्याच्या घरी सगळी भांडी स्टीलची! धड सांगता येत नाही, धड ऐकता येत नाही, आणि मला आता जन्मभर याच्याच कानांनी ऐकायचंय. मी त्याला सुई उचलून मागे घ्यायला लावली आणि म्हटलं, नीट ऐक, आणि पुन्हा सांग.